पियानो त्रिकुटाचा लाइव्ह अल्बम: पियानोच्या माइकात ड्रम शिरतात, त्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: पियानो, डबल बेस आणि ड्रम असं जॅझ त्रिकूट. सत्तर-ऐंशी श्रोत्यांच्या छोट्या क्लबात लागोपाठ दोन रात्री, रोज दोन सेट, आणि त्यातून एक अल्बम. चाचणी रेकॉर्डिंगमध्ये पियानोच्या माइकात सिंबल इतके शिरले की पियानोचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर केला की ड्रमच वर येतात. पियानोला पिकअप (वाद्याची कंपनं थेट पकडणारा तुकडा) चिकटवावा, ड्रमसमोर पारदर्शक पडदा उभा करावा, की माइक वाढवावेत?

तिन्ही नको. पिकअपमुळे ड्रम जातात, पण पियानोही जातो. हातोडीचा ठोका आणि तारांचा ताण तेवढा उरतो, लाकूड ऐकू येत नाही. पडद्यामुळे ड्रमरला स्वतःचाच आवाज अंगावर आदळतो, त्याचा हात आखडतो आणि ज्या वादनासाठी लाइव्ह अल्बम करायचा तेच हातचं जातं. माइक वाढवले तर शिरकाव वाढतो. प्रत्येक उघडा माइक तोच सिंबल थोड्या वेगळ्या वेळी ऐकतो. तुमची अडचण माइकची नाहीच. खोलीत वाद्यांचा तोल जुळलेला नाही आणि तो मिक्समध्ये जुळवायचा बेत आहे. त्रिकुटाच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये तोल रंगमंचावरच जुळावा लागतो, नंतर फक्त सावरता येतो.

याचा जुना पुरावा सगळ्यांना ठाऊक आहे. बिल इव्हान्स (पियानो), स्कॉट लाफारो (बेस) आणि पॉल मोशन (ड्रम) यांनी २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅन्गार्ड या जॅझ क्लबात दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट वाजवले. डेव्ह जोन्स या इंजिनिअरने ते दोन ट्रॅकच्या टेपवर घेतले. दोन ट्रॅक म्हणजे मिक्स तिथल्या तिथे. नंतर बेस वाढवणं नाही, सिंबल खाली घेणं नाही. पहिल्याच रचनेत मध्येच वीज गेली, तो खंड टेपवर तसाच राहिला. तरीही ब्रशची सळसळ, बेसच्या तारेवरचं बोट आणि पियानोचे मधले सूर वेगवेगळे ओळखता येतात, कारण तिघं एकमेकांना जागा देऊन वाजवतात. उलट उदाहरणही आहे. पियानिस्ट एरॉल गार्नरची १९ सप्टेंबर १९५५ ची कॅलिफोर्नियातल्या कार्मेलची मैफल अल्बमसाठी म्हणून रेकॉर्ड झालीच नव्हती. बेस आणि ड्रम पार मागे गेले आहेत. रेकॉर्ड तुफान खपली ती पियानोच्या जोरावर. असा पियानिस्ट हाताशी असेल तर पुढचं वाचायची गरज नाही.

आता मांडणी. नेहमीची पद्धत अशी की श्रोत्यांच्या डावीकडे पियानो, त्याच्या वळणात बेस, उजवीकडे ड्रम. ही पद्धत बरोबर आहे, कारण पियानिस्टला मान न वळवता दोघं दिसतात. पण या मांडणीत ड्रम बरोबर पियानोच्या शेपटाकडे येतात आणि झाकणाचं तोंड अर्धवट त्यांच्याकडे असतं. उघडं झाकण म्हणजे चांगला मोठा परावर्तक. तारांचा आवाज ते श्रोत्यांकडे फेकतं, तसाच सिंबलचा आवाज पकडून तारांवर, म्हणजे तुमच्या माइकवर ओततं. म्हणून आधी ड्रमसेट अर्धा-एक मीटर मागे घ्या. राइड सिंबल (ज्यावर ड्रमर लय धरतो) झाकणाच्या उघड्या बाजूच्या सरळ रेषेत येणार नाही असा सेट थोडा फिरवा. खाली जाड गालिचा आणि ड्रमरच्या पाठीमागे जड पडदा. मागच्या कठीण भिंतीवरून येणारा सिंबल थेट येणाऱ्या सिंबलपेक्षा जास्त त्रास देतो, कारण तो सगळीकडून येतो आणि माइकची कुठलीच बाजू त्याला अडवू शकत नाही.

तिघांना मात्र फार लांब करू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास ३ मिलिसेकंद. बेसवादक आणि राइड सिंबल यांच्यात फार अंतर पडलं की लय सैल वाटू लागते आणि कुणाला कारण कळत नाही. बेसवादकाचा कान हाय-हॅट (पायाने मिटणारी सिंबलची जोडी) आणि राइडच्या जवळ हवा. अडीच-तीन मीटरच्या त्रिकोणात तिघं मावले की मॉनिटर स्पीकर (वादकांनाच ऐकवणारे) लागत नाहीत, आणि मॉनिटर नसणं ही अर्धी लढाई आहे. पियानोचा मॉनिटर जमिनीवर ठेवला की तो पियानोच्याच माइकात परत शिरतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. अगदी लागलाच तर बेसवादकापाशी पियानोचा थोडा आवाज द्या, बाकी काही नाही.

साउंडचेकमध्ये एक साधी कसोटी घ्या. सगळी यंत्रं बंद. एक जण श्रोत्यांच्या पहिल्या-दुसऱ्या रांगेत उभा राहून ऐकेल. बेसचा सोलो चालू असताना ड्रमर ब्रशवर आहे आणि बेसची चाल कळत नाही, तर दोष ड्रमरच्या हातात किंवा बेसच्या ॲम्पमध्ये आहे. तो तिथेच सोडवा. पातळ, हलका राइड, २० ऐवजी १८ इंची बेस ड्रम, जाड काठ्यांऐवजी सडपातळ काठ्या, एवढ्यावर कितीतरी डेसिबल वाचतात. ड्रमरला 'हळू वाजव' म्हणू नका, त्याने वादन मरतं. साहित्य बदलायला सांगा.

आता पियानोचे माइक. प्रश्न माइक किती महाग याचा नाही. तो कुठल्या कोनात बहिरा आहे याचा आहे. माइक तारांवर सरळ खाली रोखला की ड्रम साधारण त्याच्या ९० अंशांच्या बाजूला, आडव्या पातळीत येतात. त्या कोनात कार्डिऑइड माइक (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारा) फक्त ६ डीबी (डेसिबल) कमी ऐकतो. त्याहून अरुंद ऐकणारे सुपरकार्डिऑइड साडेआठच्या आसपास, हायपरकार्डिऑइड १२ डीबी. आणि फिगर-एट म्हणजे आठच्या आकाराचा माइक तत्त्वतः काहीच ऐकत नाही. प्रत्यक्षात २० डीबीपेक्षा जास्त फरक सहज मिळतो. बहुतेक लोक सवयीने कार्डिऑइड लावतात आणि मग सिंबलबद्दल कुरकुर करतात. हायपरकार्डिऑइड किंवा फिगर-एटची जोडी खाली रोखून लावा, नुसत्या या बदलाने तुमचा निम्मा प्रश्न सुटेल. फिगर-एटची मागची बाजू झाकणाकडे पाहत असते, म्हणून झाकणावरून परतणारा ड्रमचा आवाज तिथून आत येतो. माइकच्या वर, झाकणाच्या आतल्या बाजूला जाड लोकरी घडी किंवा फोमचा तुकडा लावा. पियानोचा मालक किंवा ट्यूनर यांना विचारून, आणि चिकटपट्टी पॉलिशला न लावता.

मोठ्या डायफ्रॅमचे (आवाज झेलणाऱ्या पडद्याचे) माइक पियानोवर गोड लागतात, पण बाजूने येणारा आवाज ते रंगवून घेतात. शिरकाव होणारच असेल तर तो स्वच्छ शिरू द्या. लहान डायफ्रॅमच्या माइकात बाजूने आलेला सिंबल सिंबलसारखाच ऐकू येतो, कळकट होत नाही. जागा: हातोड्यांपासून १५ ते २० सेंमी मागे, तारांपासून २० सेंमी वर, एक मधल्या सप्तकाच्या थोडा वर, दुसरा खर्जाच्या तारा तिरक्या जातात तिथे, दोघांत ५० ते ६० सेंमी. याहून जवळ गेलात तर ड्रम कमी होतात, पण काही सूर अंगावर येतात आणि शेजारचे गायब होतात. डाव्या हाताने एकेक सूर सावकाश वर नेत ऐका. एखादा सूर उडी मारत असेल तर माइक चार बोटं सरकवा. दोन्ही माइक एकत्र करून मोनोमध्येही ऐका. आवाज पोकळ झाला तर अंतर बदला.

तीनास एकचा नियम तुम्ही वाचला असेल: माइक वाद्यापासून जितका लांब, त्याच्या तिप्पट अंतरावर दुसरा माइक. तो दोन वाद्यांचा आवाज सारखा असतो तेव्हा लागू पडतो, त्यातून साडेनऊ डीबीचा फरक मिळतो. बॅलडमध्ये पियानो हळू असतो, तुम्ही त्याचा गेन वाढवता, आणि नियमाचा हिशोब तिथेच कोलमडतो. म्हणून अंतरापेक्षा कोनावर भर.

झाकण पूर्ण उघडं ठेवावं की छोट्या दांड्यावर? पूर्ण. छोट्या दांड्यावर ड्रम थोडे कमी होतात, पण आतला आवाज कोंडतो आणि २०० ते ४०० हर्ट्झमध्ये भोपळ्यासारखा फुगतो. तो फुगवटा नंतर इक्वलायझरने काढायला गेलं की पियानोचा देहच निघून जातो.

बेसला दोन वाटा द्या: पुलाच्या खालच्या बाजूला, २५-३० सेंमीवर एक माइक, आणि पिकअपवरून डीआय (पिकअपचा सिग्नल थेट रेकॉर्डरकडे नेणारा डबा). पिएझो (कंपनांतून वीज करणाऱ्या) पिकअपला डीआय बॉक्सचा इनपुट इम्पिडन्स (विद्युत रोध) किमान १ मेगाओम हवा. साध्या बॉक्सला लावला तर खर्ज नाहीसा होतो आणि रबरासारखा आवाज उरतो. सूर आणि लाकूड माइकमधून घ्या, ड्रम वाढले की आधार डीआयचा. डीआय आधी पोचतो, माइक ३० सेंमी मागे, म्हणजे जवळपास ०.९ मिलिसेकंदांनी उशिरा. ४८ किलोहर्ट्झला हे ४२ सॅम्पल होतात. आधी पोलॅरिटीचं (सिग्नल उलटा करणारं) बटण दाबून ज्यात खर्ज भरतो ती बाजू ठेवा, मग डीआय तेवढा मागे सरकवा. उलट क्रमाने केलंत तर चुकीच्या पोलॅरिटीत अंतर जुळवत बसाल. बेसचा ॲम्प खुर्चीवर, वादकाच्या कानाकडे तिरका, जेमतेम त्यालाच ऐकू येईल इतका. जमिनीवरचा ॲम्प ड्रमच्या किक (म्हणजे बेस ड्रम) माइकमध्ये घुसतो आणि मग बेसला दोन शेपट्या फुटतात.

ड्रमला चार माइक पुरे. दोन ओव्हरहेड (सेटच्या वर टांगलेले), स्नेअरपासून (ड्रमरच्या समोरचा कडक आवाजाचा ड्रम) दोघांचं अंतर फूटपट्टीने नाही तर दोरीने सारखं मोजलेलं. एक किकच्या पुढच्या कातड्यापासून १५ सेंमीवर. जॅझच्या किकला भोक नसतं, आत माइक घालायचा प्रश्नच नाही. आणि एक स्नेअरजवळ, फक्त ब्रशसाठी. टॉमना वेगळे माइक नकोत.

या सगळ्यांच्या पुढे, पहिल्या रांगेच्या थोडं अलीकडे, दोन-सव्वादोन मीटर उंचीवर एक स्टिरिओ जोडी ठेवा. ही मुख्य जोडी. नुसती ती ऐकून मैफल समजते का, हे साउंडचेकलाच पाहा. समजत नसेल तर मांडणीकडे परत जा. टाळ्यांसाठी आणखी एक जोडी, रंगमंचाच्या काठावर श्रोत्यांकडे तोंड करून. पुष्कळ जण हे माइक मागच्या भिंतीवर टांगतात. दहा मीटरवर टांगलेला माइक २९ मिलिसेकंद उशिरा ऐकतो आणि मिक्समध्ये प्रत्येक रिमशॉटला (स्नेअरच्या कडेवरच्या ठोक्याला) दुसरा ठोका चिकटतो. काठावर ठेवले की ही भानगड उरत नाही.

एकूण बारा ट्रॅक झाले. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला तासाला सव्वासहा जीबीच्या आसपास. साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. बारा चॅनल एकाच फाइलमध्ये लिहिणारा रेकॉर्डर ४१ मिनिटांत तिथे पोचतो, म्हणजे सेटच्या ऐन मध्यात. काही यंत्रं आपोआप नवी फाइल उघडतात, काही थांबतात. तुमचं यंत्र काय करतं ते घरी तासभर रेकॉर्ड करून बघा. दुसरं यंत्र समांतर चालवा, निदान मुख्य जोडीचे दोन ट्रॅक त्यावर जाऊ द्या, बॅटरीवर. १९६१ साली वीज गेली तशी अजूनही जाते.

लेव्हल ठरवताना साउंडचेकवर विश्वास ठेवू नका. लोक आले की सगळे जोरात वाजवतात, ड्रमर सर्वांत जास्त. साउंडचेकमधली शिखरं -१८ डीबीएफएसपाशी, म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या १८ डीबी खाली ठेवा. २४ बिटमध्ये तळाचा खरखराट तरीही खूप खाली राहतो. ३२ बिट फ्लोटवाला रेकॉर्डर असला तरी बाहेरचा प्रीॲम्प (माइकचा सिग्नल मोठा करणारं यंत्र) किंवा माइक स्वतः फाटू शकतो, ते नंतर दुरुस्त होत नाही.

क्लबच्या स्पीकरसाठी लागणारे सिग्नल ट्रान्सफॉर्मरवाल्या स्प्लिटरमधून वाटून घ्या. फँटम पॉवर (माइकला वायरीतून मिळणारी वीज) एकाच बाजूने, जिकडे सरळ जोडणी आहे तिकडून. गुंई असा आवाज येत असेल तर आधी दिव्यांचे डिमर पूर्ण वर करून बघा. डिमर अर्ध्यावर असतानाच पिकअपमध्ये सर्वांत जास्त घुसतात. बर्फाचं यंत्र, फ्रीज, पंखे सेटपुरते बंद ठेवण्याचं मालकाशी आधीच बोलून घ्या. ग्लासांची किणकिण राहू द्या, ती खोलीचा भाग आहे. कॉम्प्रेसरची घरघर नाही, कारण ती मध्येच सुरू होते आणि मध्येच थांबते.

पियानोच्या ट्यूनिंगला लोक सहज गृहीत धरतात, आणि अल्बम नेमका तिथे अडतो. दोन रात्रींमधले तुकडे जोडायचे असतील तर दोन्ही रात्री पियानो एकाच सुरात हवा. मधला 'ए' ४४० वरून ४४१ वर गेला तरी जवळपास ४ सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक पडतो. एरवी कानाला जाणवणार नाही, पण जोडाच्या जागी सूर हलतो. आर्द्रता वाढली की साउंडबोर्ड फुगतो आणि मधली सप्तकं चढतात. दिव्यांच्या उष्णतेने तारा उतरतात. म्हणून ट्यूनिंग खोली मैफलीइतकी उबदार करून, दिवे लावून करा. साउंडचेकनंतर अर्धा तास दुरुस्तीला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ट्यूनरकडून, त्याच संदर्भ सुरावर. त्याच वेळी पेडलची कुरकुर आणि स्टुलाचे स्क्रू बघून घ्या. कुरकुरणारा पेडल बॅलडमध्ये चौथा वादक होतो.

किती वाजवायचं? दोन टोकं डोळ्यांसमोर ठेवा. अहमद जमाल (पियानो), इझ्रेल क्रॉस्बी (बेस) आणि व्हर्नेल फूर्निए (ड्रम) यांनी शिकागोच्या पर्शिंग हॉटेलात १६ जानेवारी १९५८ रोजी ४३ ट्रॅक वाजवले, अल्बमवर आठच गेले. पियानिस्ट कीथ जॅरेटच्या त्रिकुटाचे जून १९९४ मधले न्यूयॉर्कच्या ब्लू नोट क्लबातले तीन रात्रींचे सहाही सेट सहा सीडींवर सबंध निघाले. तुमच्याकडे चार सेट आहेत, तेव्हा पहिल्या वाटेने जा: बारा रचना ठरवा, प्रत्येक किमान दोनदा वाजू द्या, आणि अल्बमवर हव्याच अशा चार तीनदा. अवघड रचना सेटच्या सुरुवातीला नको, बॅलडही नको; पहिली रचना खोलीला आणि हातांना ऊब आणण्यासाठी असते, ती अल्बमवर जाणार नाही असंच धरा. प्रत्येक रचनेची लय मेट्रोनोमवर मोजून लिहून ठेवा आणि मोजणी सुरू करण्याआधी पियानिस्टने कानाशी ऐकावी. चाल मिनिटाला चार ठोक्यांनी हलली तरी दोन रात्री जोडता येत नाहीत.

जोड द्यायचा असेल तर मुखड्याच्या शेवटी, सोलो सुरू होण्याआधीच्या समेवर. पण सिंबलची शेपटी बघा; जोडाच्या आधी क्रॅश वाजला असेल तर तो पुढच्या तुकड्यात अचानक विझतो आणि ऐकणारा दचकतो. सोलोच्या आत जोड देऊ नका. एकवेळ चूक राहू द्या. दोन रचनांमधल्या टाळ्या दोन ते चार सेकंदांच्या क्रॉसफेडने (एक मावळत असताना दुसरी उगवते) जोडता येतात, मात्र दोन्हीकडच्या टाळ्यांची घनता सारखी हवी. ऐंशी माणसांच्या टाळ्या आणि वीस माणसांच्या टाळ्या यांतला फरक कुणालाही कळतो, म्हणून पहिल्या रात्रीचा अर्धा रिकामा सेट मधोमध खपवू नका.

मिक्सची सुरुवात मुख्य जोडीपासून. ती ९० टक्के काम करेल इतकी वर आणा, मग बेस, मग पियानोचे जवळचे माइक, शेवटी ओव्हरहेड आणि किक थोडे. पॅनिंग, म्हणजे डावी-उजवी जागा, खोलीत जसं होतं तसंच. पियानो डावीकडे होता तर पियानोचे दोन माइक अगदी डावी-उजवी टोकं गाठतील असे पसरू नका. त्यांत शिरलेला सिंबलही पसरतो आणि ड्रमसेट दहा फूट रुंद होतो. गेट (हळू आवाज आपोआप बंद करणारं यंत्र) कुठेही नाही: ते उघड-बंद होताना खोली श्वास घेतल्यासारखी हलते. ड्रम चढलेला एखादाच कोरस (रचनेचं एक आवर्तन) असेल तर पियानोचे जवळचे माइक तेवढ्यापुरते २ डीबी खाली घ्या आणि मुख्य जोडीला काम करू द्या. टाळ्यांचे माइक संगीत चालू असताना बंद करू नका, फक्त ८ ते १० डीबी खाली ठेवा. पूर्ण बंद केले की शेवटच्या सुरानंतर दार उघडल्यासारखा भास होतो.

पहिल्या रात्रीनंतर सगळे घाईने माइक हलवायला धावतात. ओव्हरहेडमध्ये वायर तुटली असेल किंवा काही फाटलं असेल तरच हात लावा. प्रत्येक स्टँडच्या पायांभोवती रंगीत चिकटपट्टीच्या खुणा, पियानोच्या चाकांभोवतीही, सिंबलच्या उंचीचे फोटो, प्रीॲम्पच्या बटणांचे फोटो. सफाईवाल्याला रंगमंच पुसू नका म्हणून आधीच सांगून ठेवा.